वरातीचा डोंगा

आमच्याकडे कुठेही लग्न असलं की बाबा मांडवाच्या अगदी मागे बसतात. तरी कोणीतरी ओळखतंच आणि ओरडतं, "भाऊ, काठी वाजव नं, नाचतो आमी!" मग सारा मांडव हसतो. बाबाही हसतात, पण दाढ दुखत असल्यासारखे.

पूल नव्हता तेव्हा वैनगंगा डोंग्यातून ओलांडावी लागायची. बाबा डोंग्याच्या टोकावर बसून पाण्यातले खडक पाहत. खडक दिसला की काठीने डोंगा ठोकत. एक ठोका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. मागे वल्हं धरलेला नावाडी तसा वळायचा. मधली माणसं इतका गलका करायची की ओरडून काही उपयोग नसे. टोकावरच्याने मागे वळून पाहायचं नाही, हा या कामाचा पक्का नियम.

एकदा डोंग्यात वरात चढली, डफड्यासकट. खडक दिसताच बाबांनी जीव तोडून काठी आपटली. डफडेवाल्याला वाटलं, कोणीतरी ठेका धरला. त्याने तोच उचलला, वऱ्हाडी उभे राहून नाचायला लागले आणि डोंगा पालथा झाला. माणसं सगळी वाचली. नवरदेवाचे बूट आणि लाडवांची टोपली मात्र नदीने ठेवून घेतली. लोक अजूनही हळहळतात ते लाडवांसाठी.

त्यानंतर बाबांनी नदी सोडली आणि शेतातल्या मचाणावर बसून रानडुकरं पाहू लागले. डुकरांना डफडं वाजवता येत नाही, एवढं एक त्यांना बरं वाटायचं.

माझं सासर नेमकं पलीकडच्या काठावर. आई सणासुदीला यायची, बाबा कधीच नाही. "पूल होऊ दे," म्हणायचे. पूल झाला. तर म्हणाले, "एक पावसाळा जाऊ दे, टिकते का पाहू." पुलाने कितीतरी पावसाळे काढले. आधी मी चिडवायची, मग रुसायला लागले. बापाने लेकीचं घर पाहिलेलं नाही, हे मला फार लागत होतं.

या उन्हाळ्यात ते अचानक आले. आले ते खाली मान घालूनच, आणि तसेच जेवायला बसले. मी मासोळीचा रस्सा वाढला आणि म्हटलं, "बाबा, पाण्याचं एवढं भेव काऊन?"

"पाण्याचं नाई, माय," ते म्हणाले. "त्या दिवशी तूबी डोंग्यात होती. चार वर्षाची, मागं बसली होती. मी नवरदेवाले काढलो, डफडेवाल्याले काढलो, सगळ्याइले काढलो. तू होती हे मंग ध्यानात आलं. तुले शेवटी काढलो. तुह्या घरी कोण्या तोंडानं येऊ?"

मला त्यातलं काहीच आठवत नाही. पण हा माणूस इतकी वर्षं हे एकट्याने बाळगत होता, या विचाराने मला रडू आलं.

"पण काढलं नं, बाबा?" मी म्हटलं. "नाई तं हा रस्सा कोणं रांधला असता?"

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली आणि माझं घर पाहिलं.