साडभाऊंचं तळं

माझ्या साडभाऊंना पोहता येत नाही, घोट्याच्या वर पाणी आलं की त्यांचा चेहरा पांढरा पडतो, घरी आंघोळसुद्धा ते तांब्या हातभर लांब धरून, पाणी चावेल अशा बेतानं करतात. आणि तरीही आमच्या गावचं अख्खं तळं आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं, हा या भूतलावरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे, असं माझं शांत डोक्यानं बनवलेलं मत आहे. शांत डोक्यानं हे मी म्हणतो. माझी बायको म्हणते, तुमी जळून राह्यले. आता जळावं असं काय आहे त्या माणसात? ठेंगणी मूर्ती, कानात केसांचं रान, बाजारात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. मूळचे बासरकडचे, म्हणजे गोदावरीच्या काठी जन्मून पाण्याला भिणारा हा एकमेव प्राणी असावा. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान. अक्काला धाकट्या बहिणीजवळ राहायचं होतं म्हणून यांनी बासरकडचं दुकान उचललं आणि थेट आमच्या गावात, आदिलाबादहून तलमडुगूकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणून मांडलं. उलट मी याच तळ्याकाठी जन्मलेला, म्हशीचं शेपूट धरून पोहायला शिकलेला, जन्मभर बँकेत इमानानं खुर्ची झिजवलेला आणि तळं बचाव समितीचा पहिल्या दिवसापासूनचा अध्यक्ष. पण गावात कोणालाही विचारा, तळं कोणाचं? भांडेवाल्या शेठचं.

या गृहस्थाला जगातली कोणतीही वस्तू बोटाच्या पेराने ठोकून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. भांडं ठोकलं की ते अस्सल आहे की नाही हे त्यांना आवाजावरून कळतं म्हणे. ठीक आहे, धंदाच आहे तो. पण हा माणूस टरबूज ठोकतो, भिंत ठोकतो, बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाची पाठ ठोकतो. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींसमोर यांनी नवऱ्या मुलाच्या खांद्यावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "भरीव हाय." ते लग्न जमलं, सुखाचं झालं, आणि आजतागायत जावई माझ्याआधी त्यांच्या पाया पडतो. भाषेचंही तेच. घरात मराठी, बाजारात तेलुगू, बाहेरच्या व्यापाऱ्याशी हिंदी, हा आमच्याकडचा साधा रिवाज. साडभाऊ मात्र मराठी माणसाशी तेलुगूत सुरू होतात, तेलुगू कोळ्यांशी ठणठणीत वऱ्हाडीत बोलतात, आणि म्हशींशी हिंदीत, आणि तेही अदबीनं, 'आप उधर से जाइये'. चमत्कार असा की कोळी हसत कामाला लागतात आणि म्हशी खरोखर तिकडून जातात.

तर आमच्या तळ्यात ती वनस्पती आली. पेपरवाले तिला जलपर्णी म्हणतात, आमच्याकडे तेलुगू मंडळींच्या तोंडचं गुर्रपुडेक्क हेच नाव चालतं. घोड्याच्या टापेसारखं पान, फुगीर देठ, वर जांभळी फुलं. दिसायला इतकी देखणी की पहिल्या वर्षी लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले. दुसऱ्या वर्षी घाटाच्या पायऱ्यांपाशी पाणी दिसेनासं झालं. कोळ्यांची जाळी अडकू लागली, मच्छर वाढले, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावं की हे तळं नाही, पेरलेलं शेत आहे. तेव्हा या गावात पहिला जागा झालो तो मी. समिती काढली. दरखास्ती लिहिल्या. माझी दरखास्त म्हणजे काय असते ते जुन्या लोकांना विचारा. मजमून असा की वाचणाऱ्यानं खुर्चीतून उठावं. ती या कचेरीतून त्या कचेरीत गेली, तिथून तिसरीकडे गेली, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी भाषेची तारीफ केली. गावाला श्रमदानासाठी मी नोटीसही लावली. चार माणसं आली. त्यातला एक रस्ता विचारायला थांबला होता. आम्ही उपसलेला ढीग काठावरच टाकला, आणि पुढच्याच पावसानं तो परत तळ्यात नेऊन घातला. या सगळ्या काळात साडभाऊ काय करत होते? दुकानात बसून पातेली ठोकत होते.

मग ते उठले, आणि त्याला कारण एक म्हैस झाली. आमच्याकडे दसऱ्याच्या तोंडावर बायका बतुकम्मा करतात. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे तुरे, झेंडू, सगळे थरावर थर रचून ताटात भोपळ्याच्या पानावर फुलांचं गोपूर उभं करायचं, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते तळ्यात सोडायचं. सण तेलुगूंचा, पण इतक्या पिढ्या इथं काढल्यावर आमच्या मराठी घरांतही तो भुलाबाईइतकाच आपला झालेला. अक्काची बतुकम्मा गावात सर्वांत उंच. त्या वर्षी तिनं ती पाण्यात सोडली, तर पाणी होतंच कुठं? बतुकम्मा त्या हिरव्या गालिच्यावर तशीच बसून राहिली, आणि अक्का हात जोडून उभी असतानाच एका म्हशीनं मान लांब करून ती खाल्ली. सगळ्यात वर बसवलेली हळदीची गौरम्मा, म्हणजे गौर, तेवढी म्हशीच्या ओठांना लागून राहिली. बायका हसल्या. माझी बायकोही हसली. अक्का तडक घरी आली आणि म्हणाली, या तळ्यात पाणी दिसल्याबिगर मी बतुकम्मा रचणार नाही. पुढच्या वर्षी तिची समजूत काढायला साडभाऊंनी अंगणात गुलाबी प्लास्टिकचा टप भरून ठेवला. हैदराबादला फ्लॅटमधल्या बायका टपातच सोडतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. अक्कानं त्या टपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन पडून राहिली. त्या सणाला तिनं एक फूल हातात घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस अक्षता घेऊन दारोदार फिरू लागला. लग्नाचं बोलावणं करतात तसं, डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं. कोणाच्या घरचं कार्य, विचारलं तर म्हणायचे, "तळ्याचं हाय. रविवारी सकाळी सहकुटुंब येजा." आता आमच्या भागात एकदा अक्षता घेतली की न जाणं म्हणजे भांडण घेणं. माझ्या नोटिशीवर पानाच्या पिचकाऱ्या मारणारं गाव त्या रविवारी धुतलेले कपडे घालून घाटावर हजर. साडभाऊंनी दुकानातली मोठी पातेली काढून उपम्याची सोय केली होती. गल्लीवार पट्टे आखून दिले, दोर बांधला, कोळ्यांनी थर्माकोलच्या तराफ्यांवरून आतला पाला काठाकडे रेटायचा आणि गल्लीनं तो ओढून काढायचा. ओढलेलं सगळं ट्रॅक्टरनं लांब माळावर नेऊन वाळवायचं, हेही त्यांनीच ठरवलं. माझ्या ढिगाचं काय झालं ते त्यांनी दुकानातून पाहिलं होतं. हे सगळं ते बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून, दुकानातलं सगळ्यात मोठं नरसाळं तोंडाला लावून ओरडत चालवायचे. मेला पाण्याचा एक थेंब अंगाला नाही, आणि बायका म्हणतात, भाऊजी किती राबून राह्यले.

मी म्हटलं, आता दाखवतो. एका रविवारी सगळ्यांच्या देखत शर्ट काढला आणि घाटावरून सूर मारला. सूर चांगला बसला, याला साक्षीदार आहेत. पण त्या वनस्पतीची मुळं खाली दाढीसारखी लोंबतात. त्यात माझे पाय असे गुंतले की मी वर यायचा आणि पुन्हा खाली जायचा. कोळ्यांनी दोर टाकून मला जलपर्णीच्या एका मोठ्या गठ्ठ्यासकट काठावर ओढलं. मी डोळे उघडतो न उघडतो तोच नरसाळ्यातून घोषणा झाली की बापू सुखरूप हायेत आणि आजचा सगळ्यात मोठा गठ्ठा त्यांनीच काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांपेक्षा बुडणं परवडलं असतं. आणि हा माणूस मुद्दाम करतो म्हणावं, तर तसंही नाही. सरपंचांनी त्यांच्या गळ्यात हार घातला तर तो काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातला, म्हणाले, अध्यक्ष हे हायेत. तो हार मी घरी आणला. बायकोनं विचारलं, भाऊजींचा हार तुमच्याकडे काऊन?

पुढचा दसरा जवळ आला तेव्हा घाटापासून पार समोरच्या बांधापर्यंत पाणी मोकळं झालं होतं. अक्कानं बतुकम्मा रचली. त्या संध्याकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या हिनं सोडलेली बतुकम्मा दोन पायऱ्यांवरच कलली आणि तिची फुलं फुलं झाली. तशीच बहुतेकींची झाली, ती तशीच होते. अक्काची मात्र डुलत निघाली. कलेना, बुडेना, वाऱ्यावर सरळ तळ्याच्या मधोमध जाऊन राणीसारखी थांबली. बायकांनी हात जोडले. अक्का रडत होती आणि हसत होती, आणि साडभाऊ बूट घालून सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहून तिच्याकडे पाहत होते. माझ्या बायकोनं त्या दोघांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्या नजरेपायी मी दिवाळीपर्यंत धड जेवलो नाही म्हटलं तरी चालेल.

दिवाळी झाली आणि अक्का बंगळुरूला गेली. तिच्या मुलीचं बाळंतपण होतं, मग बाळाला बघायला कोणी नव्हतं, मग जावयाची बदली. तिचं येणं पुढे पुढे जात राहिलं. साडभाऊ तळ्यासाठी म्हणून मागे राहिले. आणि थंडी सरता सरता एका सकाळी मला तळ्याच्या मधोमध एक हिरवा ठिपका दिसला. आठवड्याभरात तो सुपाएवढा झाला. बरोबर त्या जागी, जिथं अक्काची बतुकम्मा थांबली होती. माझ्या डोक्यात उजेड पडला. ती बुडाली कशी नाही? तिच्या बुडाखाली काय होतं? मी सांगतो, मुलगा पास झाला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. आता गावासमोर, समितीच्या बैठकीत, अध्यक्ष या नात्यानं मी बोलणार होतो. मनातल्या मनात मजमूनही तयार होता. फक्त आधी त्यांचं तोंड कसं होतं ते पाहावं म्हणून बांधावर गेलो.

ते खुर्चीत बसले होते, नरसाळं मांडीवर. नजर त्या ठिपक्यावरच. मी म्हटलं, भाऊ, ते काय दिसते तिथं? त्यांनी मान वळवली नाही.

"अक्काची बतुकम्मा हाय ते," ते म्हणाले. "भोपळ्याच्या पानाखाली गुर्रपुडेक्क मीच ठेवलं होतं. ते देठ फुगीर असते, बुडत नाही. एकडाव झालं तिचं हसू, बापू. पुन्हा होऊ द्याचं नोतं."

त्यांनी खुर्चीच्या हातावर दोनदा ठोकलं, आवाज ऐकला.

"रोज म्हणतो, आज काढाले सांगतो कोळ्याईले. पण तोंडातून निघत नाही. ती गेली तवापासून मी इथंच बसून राह्यलो. अक्काले सांगू नोका. तिले वाटते, देवीनं नेली."

सगळं गाव ज्याच्या एका आवाजावर तळं उपसायला उतरलं, त्या माणसाच्या तोंडून सुपाएवढ्या पाल्यासाठी आवाज निघत नव्हता. मी शर्ट काढला. या वेळी सूरबीर काही मारला नाही. एका कोळ्याच्या तराफ्याला धरून निमूट गेलो आणि तो झुबका मुळासकट, एक देठ मागे न ठेवता, काढून आणला. माळावर टाकायला निघालो तर ते बूट घालून दोन पायऱ्या खाली उतरले, म्हणजे पाण्याजवळ आले, आणि त्यांनी हात पुढे केले. एक रोप, म्हणाले. एकच. बाकीचं नेजा.

ते रोप आता त्यांच्या अंगणात त्या गुलाबी टपात आहे. जलपर्णी हटवणाऱ्या गावच्या नायकाच्या घरात जलपर्णी. समितीच्या नियमाप्रमाणे मी तोंड उघडायला हवं. मी जातो, चहा घेतो, आणि त्या टपाला पाठ करून बसतो. मध्ये त्याला फूल आलं होतं, फिकं जांभळं. साडभाऊ सकाळी उठून टपाच्या कडेवर पेरानं ठोकतात, फोनवर अक्काला तळं स्वच्छ आहे म्हणून सांगतात, आणि मग विचारतात, कवा येतं? ती म्हणते, दसऱ्यापर्यंत. ते म्हणतात, बरं.

मी अजून जळतोच, खोटं कशाला सांगू. आता हारासाठी नाही. परवा त्यांच्याकडून घरी आलो तर ही भाजी निवडत होती. तिच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, "यंदा तरवडाची फुलं मी आणतो. पहाटे माळावर जाऊन. उंच कर तुझी."

तिनं भाजी खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला, आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला.

"ताप तर नाही," ती म्हणाली.