स्टँडवर वाळलेला स्वेटर

जर्मनीतल्या आखनमधल्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि माझा बार्शीचा रूममेट. खोली त्याच्या नावावर. महिनाअखेरीस वहिनी येणार होत्या, म्हणजे मला दुसरं छप्पर शोधणं आलं. बरंच फिरल्यावर एका वेगेतून, म्हणजे शेअरिंगच्या फ्लॅटमधून बोलावणं आलं. जाहिरातीतच होतं: आम्ही पर्यावरण जपतो, ड्रायर वापरत नाही.

एवढंच ना! मी एका दिवसात पर्यावरणवादी झालो. ड्रायर बंद, मशीन तीस डिग्रीवर, सॉफ्टनरला राम राम. जीन्स धुवायची नाही, वाऱ्यावर टाकायची. वारा मात्र नव्हता. थंडीमुळे खिडकी बंद आणि कपड्यांचा स्टँड स्वयंपाकाच्या शेगडीला खेटून.

धुतलेला स्वेटर घालून गेलो. टेबलाशी दोन पोरं, एक पोरगी. मी सुटलोच. मशीन स्पिनला कशी थरथरते ते करून दाखवलं. आमच्या हाउसमाइस्टरचं, म्हणजे इमारतीच्या केअरटेकरचं, नाकातलं "ड्रायसिश ग्राड!", तीस डिग्री, केलं. पोरं लोळली.

"आणि वाळवतोस कुठे?" उंच पोरानं विचारलं.

"स्टँडवर. फक्त स्टँडवर!"

"गेनाऊ!" अगदी बरोबर म्हणत तो खूश.

तेवढ्यात पोरगी उठली आणि खिडकी उघडली. बाहेर मरणाची थंडी. परत बसताना माझ्याकडे बघून हसली, पण इतकं सांभाळून, की मी हळूच स्वतःची बाही हुंगली. हिंग, लसूण, करपलेली मोहरी. आठवड्याभराच्या फोडण्या अंगावर घेऊन बसलो होतो.

 जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. बसमध्ये जागा असूनही मागं दाराजवळ उभा राहिलो.

घरी रूममेट पिठलं ढवळत होता. "कोण कोण होतं? करून दाखव ना!"

दाखवलं. उंच पोराचं गेनाऊ, मशीन, सगळं. तो पोट धरून हसला. "आणि पोरगी?"

"ती काही बोललीच नाही."

स्टँड शेगडीपासून सरकवायला हात पुढं केला, आणि मागं घेतला. त्याच्यासमोर कसा सरकवू?

जेवताना मेसेज आला.

"काय म्हणतात?"

"रूम दुसऱ्याला दिली. पण खूप हसवलंस म्हणतात."

"अरे, तू तर ड्रायरसुद्धा सोडलास! आणखी काय पाहिजे त्यांना?" म्हणत त्यानं माझ्या भातावर आणखी एक पळी पिठलं वाढलं. पिठलं फक्कड झालं होतं. मला मान वर करवेना.