कुरडयांच्या दिवशी घातलेली वेणी

गेल्या वर्षीची मातृदिनाची भेटकार्डं मी अजून जपून ठेवली आहेत, पुरावा म्हणून. आमच्या संडे स्कूलच्या मुलांनी आपापल्या आईसाठी घरी केलेली ही कार्डं. एकाही कार्डावर मुलाचं अक्षर नाही. एका आईने तर स्वतःलाच 'माझ्या लाडक्या आईस' असं लिहिलं, वर टिकल्या चिकटवल्या, रविवारी ते कार्ड मुलाच्या हातून स्वीकारलं आणि डोळेही पुसले.

म्हणून या वर्षी कार्डं बंद. मी नियम तयार केले आणि प्रार्थनेच्या हॉलच्या भिंतीवर लावले. जे माणूस रोज तुमच्यासाठी एखादं काम करतं, तेच काम आठवड्यात एकदा तुम्ही त्या माणसासाठी करायचं. स्वतःच्या हाताने करायचं. आणि रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. "आईबापाचा मान राख, ही पाचवी आज्ञा तुम्हाला पाठ आहे," मी मुलांना म्हणाले, "आता जरा हात हलवून दाखवा." 'आई' हा शब्द नियमात मी मुद्दामच घातला नव्हता. माण गावातली आमची मंडळी म्हणजे नोकरीसाठी आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबं. कुणाला आजी सांभाळते, कुणाला आत्या.

दोन दिवसांत आयांचे फोन सुरू झाले.

"टीचर, तो भांडी घासणार म्हणाला. मी आधी घासून ठेवली, त्याने नुसती विसळली. चालेल ना?"

"नाही चालणार."

"अहो, पण कढई होती त्यात!"

दुसरीने मुलीने घातलेल्या कपड्यांच्या घड्या ती झोपल्यावर मोडून पुन्हा घातल्या आणि हे मला कौतुकाने सांगितलं. तिसरीने पोळ्या लाटू दिल्या, मात्र लाटण्यावरचा हात तिचाच. या बायकांना कुणी काही करून दिलेलं सोसत नाही, आणि कुणी काही करत नाही म्हणून उरलेलं वर्षभर त्या माझ्याकडेच कुरकुरतात.

एकच मुलगी नियमाप्रमाणे वागत होती, आणि तिचंच काम अडलं होतं.

ती तिसरीत आहे. तिची आई नर्स; सकाळच्या पाळीला उजाडायच्या आत घर सोडते. आमचा हॉल ज्या इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, तिथेच खालच्या खोलीत या दोघी राहतात. इमारतीच्या मालकीणबाई अंगणापलीकडच्या जुन्या घरात असतात. जमीन कंपन्यांकडे गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या आणि आम्हाला हॉल दिला. मी त्यांना काकू म्हणते. आमचं दर रविवारी एकाच विषयावर वाजतं.

"ओ बाई! तुमी गाणी म्हणा, प्रार्थना म्हणा, माझं काय बी म्हननं न्हाई. पर जिन्यात चपला सोडल्या तर मी समद्या म्हशीम्होरं टाकीन."

या काकू रोज सकाळी त्या मुलीच्या दोन वेण्या घालतात. मुलीला काकूंची वेणी घालायची होती, आणि काकू बसायला तयार नव्हत्या.

शुक्रवारी मी स्वतः गेले. काकू गोठ्यात शेण भरत होत्या.

"पाच मिनिटांचं काम आहे, काकू."

"येणी घालून घ्यायला मी काय कुकुलं बाळ हाय?"

"तिला रविवारी उभं राहून सांगायचंय."

"मग सांग म्हनावं, आजी न्हाई बसली. माझ्या डोक्याला आजवर कुनी हात लावला न्हाई. लगीन झाल्यापास्नं तर न्हाईच." मग पाटी उचलता उचलता हसल्या. "का मला बी तुमच्यात घ्यायचा इचार हाय? आधी डोकं, मग समदंच?"

"आधी चपलांचं मिटवू," मी म्हणाले.

मग मी मुलीला समजावलं. "आईसाठी कर काहीतरी. चहा कर."

"चहा मी रोजच करते. ते माझंच काम आहे," ती म्हणाली. "नियम काय आहे, टीचर? जे माणूस रोज करतं, त्याचं. वेणी आजी घालते."

स्वतःचाच नियम दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती त्रास होतो ते मला तेव्हा कळलं. तिच्या आईला वाईट वाटेल का, अशी एक शंका होती. तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "वाईट कशाला वाटेल? माझ्या मुलीचे केस कुणीतरी विंचरतंय म्हणून मी वॉर्डात नीट उभी राहू शकते. पण त्या बसणार नाहीत, मी सांगते."

मातृदिनाच्या रविवारी उपासना वेळेवर संपली. एवढीच गोष्ट वेळेवर झाली. मुलं एकेक उभी राहिली आणि मागच्या रांगेतून त्यांच्या आया वाक्यं पुरवू लागल्या. अर्ध्या आया तर स्वयंपाकघरात पुलावापाशी होत्या. आपल्याच सन्मानाचं जेवण रांधत होत्या. त्यांना तीनदा बोलावलं. "आलेच," असं आतून तीनदा उत्तर आलं.

मग तिची पाळी आली. तिच्या हातात कंगवा होता. "माझं काम राहिलंय," ती म्हणाली. मी पुढच्या मुलाचं नाव घेणार, तेवढ्यात ती दाराबाहेर गेली आणि जिना उतरू लागली. मीही मागोमाग, चपलांवरून अडखळत.

खाली अंगणात काकू कुरडया घालत होत्या. अंथरलेल्या जुन्या साडीवर पांढऱ्या चकत्यांच्या रांगा, शेजारी पातेल्यात शिजवलेला गव्हाचा वाफाळता चीक आणि हातात सोऱ्या. चीक गरम असतो तोवरच पडतो, थांबलं की घट्ट होऊन वाया जातो. काकूंचे दोन्ही हात मनगटापर्यंत चिकट होते.

मुलीने ते पाहिलं. ती सरळ त्यांच्या मागे गेली आणि अंबाड्यातली पिन काढली.

"अगं ए! ए भवाने! सोड!" काकू ओरडल्या, पण सोऱ्या फिरतच होता. "बाई, बघताय काय? धरा की हिला! माझं हात गुतल्यात!"

माझे हात मोकळे होते. मी ते मागे घेऊन उभी राहिले.

"मान हलवू नको," मुलगी म्हणाली. "हललीस तर परत पयल्यापास्नं." तो सूर हुबेहूब काकूंचा होता; रोज सकाळी तिच्या कानावर पडत असणार.

काकूंची मान थांबली. केस पांढरे, विरळ, पण कमरेपर्यंत होते. तोवर वरची सगळी मंडळी जिन्यात आणि गॅलरीत येऊन उभी राहिली होती. पुलाव सोडून आयाही आल्या. आता नाही म्हणाल्या "आलेच". उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "आता कार्यक्रमात पुढे काय?" मी अंगणाकडे बोट दाखवलं.

एक कुरडई जरा लांबट पडली, पुढची त्याहून वाकडी. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी खांद्याला गाल घासला. मुलीने स्वतःच्या एका वेणीची लाल रिबीन सोडली आणि काकूंच्या वेणीला बांधली. वेणी एका बाजूला गेली होती.

"झालं," ती आम्हाला वर बघून म्हणाली. "हे माझं काम."

"झालं ना?" काकू म्हणाल्या. "मग जावा आता वर. आन् त्या चपला उचला!"

सोमवारी त्यांना तहसिलात काम होतं. तशाच वेणीने, तशाच रिबिनीने त्या एसटीने पौडला जाऊन आल्या. "समदी हसली मला," हे त्यांनी माझ्याकडे तक्रार म्हणून सांगितलं आणि सोबत वाळलेल्या कुरडयांची पिशवी दिली.

पुलाव त्या रविवारी खाली लागला होता. आणि ती मुलगी, जी कधी एक मिनिट उशिरा येत नसे, ती आता दर रविवारी पहिलं गाणं संपल्यावर येते. कारण विचारलं तर म्हणते, "आजीची वेणी राहिली होती." मी हजेरीत तिच्या नावापुढे 'उशीर' लिहिते. नियम सगळ्यांना सारखाच.