रिकामे बीम

"ज्याचं काम, त्याच्याच नावाखाली," असं सुलभा नेहमी म्हणायची. चहा कुणी केला इथपासून कापडाचं थान कुणी विणलं इथपर्यंत तिचं हे एकच बोलणं. बुऱ्हाणपूरच्या मोतीलाल सेठनी आपला पॉवरलूमचा कारखाना आणि केळीचा धंदा एका कचेरीत आणून एक केला, त्या वर्षी तर ती हे दात आवळून म्हणू लागली.

त्याला कारण होतं. दोन्हीकडची कामं संगणकावर मांडायचा साचा तिने बांधला होता. मागवाल्यांचा वेगळा: ऑर्डर, तिच्या पोटात बीम, म्हणजे मागावर चढवायचा सुताचा रूळ, आणि बिमाच्या पोटात थान. केळीवाल्यांचा वेगळा: बाग, बागेच्या पोटात कटाई, कटाईच्या पोटात गाडी. पोटातलं सगळं उरकलं की वरचं काम हिरवं व्हायचं, तोवर लाल. बहादरपूर-दापोऱ्याच्या बागा तुडवून, माणसांशेजारी बसून तिने हे जुळवलं होतं. आणि नंदकुमार मॅनेजरने भर सभेत सांगितलं, "साचा माझा आहे." सेठजींनी त्याला शाल पांघरली. सुलभानेही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची आग तिच्या तळहातांत तशीच राहिली.

पुढे एके दिवशी नंदकुमार म्हणाला, "दोन-दोन साचे कशाला, मॅडम? मागाचाच केळीला लावा. सब एक, आणि सगळ्यांच्या वर माझं नाव."

केळीला कुठला आलाय बीम? तिच्या मनात आलं.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि अगदी तसंच बांधून दिलं.

हंगाम सरला. सेठजींनी भिंतीवर पडदा लावून सगळ्यांना बोलावलं. पडदा लालेलाल: केळीच्या प्रत्येक कामात कधीच न भरणारा एक बीम. दिल्लीत विकून, खाऊनसुद्धा झालेली केळी अजून बाकीच दिसत होती.

"दापोरा, केळी, बीम बाकी," सेठजींनी वाचलं. "काय हो नंदकुमारजी, केळी विणायला घेतली की काय?"

हशा उसळला.

"ते... सुलभा मॅडमनी..."

"साचा तुमचा ना?" सुलभा उभी राहिली. "इथेच म्हणाला होतात. शालसुद्धा मिळाली. ज्याचं काम, त्याच्याच नावाखाली."

नंदकुमारने माऊस धरला. पडद्यावरचा बाण वाट चुकलेल्या माशीसारखा भिरभिरू लागला. ती ते सावकाश, चव घेत बघत राहिली.

"ताई, तुम्हीच करा दुरुस्त," सेठजी म्हणाले.

"त्यांचं काम मी का करू?" तिने पर्स उचलली.

दारात केळीच्या टोळीचा मुकादम लीलाधर उभा होता. "ताई, तुमचं भांडण तुमच्यापाशी. काम बाकी, काम बाकी म्हणून हंगामभर माझ्या माणसांनी बोलणी खाल्ली. आमच्या गाड्या तर टाइमावर गेल्या होत्या ना?"

ती थबकली. एवढा वेळ तिला हे दिसलंच नव्हतं. ती मागे फिरली, नंदकुमारचा हात बाजूला सारून एकेक गाडी केळीच्या जुन्या साच्यात नेली. गाड्या हिरव्या झाल्या. मधले रिकामे बीम मात्र तिने नंदकुमारच्या नावाखाली तसेच ठेवले, लाल.

"उद्यापासून साचा तुमच्या नावाने..." सेठजी म्हणू लागले. ती पायऱ्या उतरलीही होती. रिक्षावाल्याला हातानेच नको म्हणून ती शनवारा दरवाजाकडे चालत निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत लीलाधर खिडकीतून तिच्याकडे बघत होता. नंदकुमार पडद्याकडे.