पेढ्यांच्या डब्यातली कार्डं

एम.डी.ची तीन वर्षं मी ज्या खासगी कॉलेजात काढली, तिथं आम्हा निवासी डॉक्टरांचा पगार दरमहा नियमानं खात्यावर जमा व्हायचा. कागदोपत्री सगळं चोख. फक्त आमची एटीएम कार्डं ऑफिसातल्या कारकुनाच्या कपाटात, पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात असायची. प्रत्येक कार्डामागं वॉर्डातली चिकटपट्टी आणि तिच्यावर पिन. पाच तारखेला तो मशीनवर जाऊन सगळ्यांचे पैसे काढायचा आणि संस्थेत भरायचा. तपासणीला कोणी आलं की आम्ही सांगायचो, पगार मिळतो. मीही सांगितलं, दोनदा. त्याची लाज अजून वाटते.

कारकून आमच्याच भागातला, आष्टीचा. मी अंबडची, म्हणून मला ताई म्हणायचा. दिवाळीला घरी जायचं एसटीचं भाडं मी वडिलांकडून मागवलं, हे कळल्यावर तो हसला होता. ते हसू मी विसरले नाही.

तिसऱ्या वर्षी त्याला डेंग्यू झाला आणि तो माझ्याच वॉर्डात आला. पाच तारीख उजाडली. डबा त्यानं उशाशी आणून ठेवला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "ताई, मला उठणं बी होऊन न्हाई राह्यलं. तुम्ही आपल्यातल्या. मशीनवर जाऊन या, बराबर मोजून आणा." तीन वर्षं मान खाली घालून राबणारी मुलगी डबा हाती आल्यावर दुसरं काही करेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मी डबा घेऊन मेसमध्ये गेले आणि ज्याचं कार्ड त्याच्या हातात दिलं. माझे पैसे काढून आईच्या खात्यावर टाकले. मग परत येऊन रिकामा डबा त्याच्या पोटावर ठेवला आणि त्याचं सलाईन बदललं. इतकं बरं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी एकेकानं आपापलं कार्ड परत नेऊन दिलं. प्रबंधावर सही मिळणार नाही, एवढी धमकी पुरली. माझ्याकडे पैसे आणि लेखी माफी मागितली गेली. मी म्हटलं, करा काय करायचं ते. महिनाभर काहीच झालं नाही आणि एक दिवस माझ्या प्रबंधावर सही झाली. मला वाटलं, घाबरले. पुढं कॉलेजभर मी ताठ मानेनं फिरले.

कॉलेज सोडताना कागदपत्रं घ्यायला गेले, तेव्हा कारकुनानं माझी फाइल उघडून समोर ठेवली. त्यात माझा माफीनामा होता. विषय, संदर्भ, नीट समास सोडून केलेलं टायपिंग. माझे वडील अंबडला कोर्टासमोर बसून टायपिंग करतात. वाचायच्या आधीच कळलं. खाली माझ्या नावाची सही, तीही त्यांच्याच हातची.

"मीच त्यांना फोन केल्ता," कारकून म्हणाला. "पहिल्या गाडीनं आल्ते. पैसे बी आणले. पाय धराय लागले, मंग मी साहेबाला सांगितलं."

वडिलांना मी यातलं काही विचारलेलं नाही. आता माझा दवाखाना अंबडलाच आहे. कारकून रिटायर होऊन आष्टीला आला आणि शुगर दाखवायला दर महिन्याला माझ्याकडे येतो. वडील तेव्हा बाहेर बसलेले असतात. त्याला पाहिलं की ते अजूनही खुर्चीवरून उठतात. तेवढ्यासाठी मी त्याच्याकडून दुप्पट फी घेते.