फुगवलेले गाल

टांगेवाल्याच्या नाकामागे गाठ होती, डोळ्याच्या नसेला अगदी खेटून. प्रोटॉनचा किरण गाठीपाशीच थांबतो, पण त्यासाठी डोकं तसूभरही हलता कामा नये. म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा करतात आणि त्यानंच माणसाला टेबलाला जखडतात. गेल्या आठवड्यात माप घ्यायला जाळी ओढली तेव्हा याचा जीव घुसमटला, अन् यानं गुपचूप गाल फुगवून धरले.

आज किरण द्यायच्या पहिल्याच दिवशी मुखवटा ढिला निघाला.

"काका, त्या दिवशी काय केलंत?" मशीनवालीनं विचारलं.

"पोटाखालचा पट्टा, तंग, आवळताना घोडं पोट फुगवतं, मागनं सैल पडावा म्हणून. तेच केलं."

"घोडं निदान जनावर तरी असतं," दारातून बायको म्हणाली.

"मग त्या घोड्याचं तुम्ही काय करता?" मशीनवालीनं विचारलं.

"थांबतो. श्वास सोडला की आवळतो."

"मीही थांबेन, काका. मुखवटा सैल राहिला तर किरण डोळ्यात जाईल."

तो पुन्हा आडवा झाला. नवी जाळी उतरली, कढत आणि ओली. गाल फुगवावेत असं फार वाटलं. मशीनवाली जाळीच्या कडा धरून थांबली होती. शेवटी त्यानं श्वास सोडला, अन् जाळी हाडापर्यंत बसली. कडेच्या खिट्ट्या एकेक करून लागल्या. पापणी हलवायलाही जागा उरली नाही, आणि असं तीस वेळा यायचं होतं.