दोन गाड्यांची ट्रायल

नव्या गाडीतल्या लेदरचा वास आला की अंधेरीचं ते शोरूम आठवतं. बाबा ज्यांचे ड्रायव्हर, त्या साहेबांना दोन स्पोर्ट सेडानमधून एक निवडायची होती. शाळेला सुट्टी म्हणून मीही बरोबर गेलो होतो. बाबांनी चपला काढून दोन्ही चालवल्या. मागे माझ्याशेजारी साहेब सीटची शिलाई चाचपत, स्क्रीनवरच्या नकाशाचं कौतुक करत होते. मला राहवलं नाही. "चालवणाऱ्याला विचारा ना, साहेब!" साहेब हसले, बाबांना म्हणाले, "बोला." बाबा अडखळले. "पहिली वळणावर हातात राहते. दुसरी जरा बाहेर फेकते." साहेबांनी दुसरीच घेतली, नकाशा मोठा म्हणून. बाहेर आल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "आता कुठे घासली, तर मुद्दाम घासली म्हणतील. वाट लावलीस ना रे माझी!" त्यांना न विचारताच मी त्यांच्या वतीने भांडलो होतो, हे आज ड्रायव्हरांच्या युनियनसाठी पत्रक लिहायला बसलो की अजून टोचतं.